6174 ऐवजी 0000

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच-सहा गणिताचे शिक्षक जमतो. अट एकच: वर्गात करून न पाहिलेली कृती आणायची नाही, आणि जी आणायची तिच्यासोबत मुलांच्या चुकलेल्या वह्यांची तीन पानं हवीत. पूर्वी प्रत्येक जण अर्ध्या कागदावर साहित्य आणि कृती लिहून आणायचा, खाली शेरा असायचा, ‘मुलांना मजा आली’. त्या शेऱ्यावरून दुसऱ्या शाळेतल्या माणसाला काडीचंही कळत नाही. मजा तर पतंग उडवतानाही येते. आता कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या: साहित्य, लागलेली मिनिटं आणि पहिली चूक कुठल्या पायरीला झाली. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे शाळा उशिरा भरते आणि तास जेमतेम अर्ध्या तासाचा उरतो, त्यामुळे मिनिटांचा रकाना शोभेचा नाही.

या हिवाळ्यात सर्वांत जास्त कामाला आली ती कापरेकरांची संख्या. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि 1949 साली त्यांनी 6174 ची ही गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतं आणि तिथेच थांबतं. कृती जुनी, सगळ्यांना माहीत. पण ती वर्गात नेमकी कुठे अडते हे मात्र आम्हाला नव्याने शिकावं लागलं.

पहिली अडचण सुरुवातीच्या संख्येची. ‘मनातली कोणतीही घ्या’ म्हटलं की अर्धा वर्ग 1234 घेतो आणि उरलेला अर्धा शेजाऱ्याची. म्हणून जन्मतारीख वापरायची: आधी दिवस, मग महिना. 14 ऑगस्टचं मूल 1408 लिहील. यात फायदा असा की पहिल्या नऊ महिन्यांच्या पोटात शून्य आपोआप येतं, आणि शून्य आलं की वजाबाकीतलं दुखणं पहिल्या पायरीलाच बाहेर पडतं. तोटा एकच, 11 नोव्हेंबरचा. त्याचे 1111 होतात. अशा मुलाला जन्माचं साल घ्यायला सांगायचं.

दुसरी अडचण फळ्याची. उदाहरण म्हणून फळ्यावर 3524 सोडवतो. 5432 वजा 2345 बरोबर 3087. मग 8730 वजा 0378 बरोबर 8352. इथे थांबायचं, हात आखडता घ्यायचा. पुढची ओळ लिहिली की 6174 फळ्यावर येतं, आणि मग वर्गातल्या प्रत्येक वहीत ते येतंच, वजाबाकी जमो न जमो. गंतव्य ठाऊक असलं की मुलं वाट बनवतात.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वेळी सगळ्या वर्गाचं 6174 आलं आणि आम्ही खूश झालो. वह्या गोळा केल्या तेव्हा कळलं की बऱ्याच जणांच्या मधल्या ओळी चुकलेल्या आहेत. कारण सरळ आहे: कुठल्याही संख्येपासून निघा, पोचणार तिथेच. तिसऱ्या पायरीला चूक झाली तर मूल दुसऱ्या रस्त्याला लागतं, पण तो रस्ताही त्याच गावाला जातो. म्हणजे वजाबाकीचा सराव म्हणून दिलेली कृती वजाबाकीच्या चुका पोटात घालते. ही तिची खोट आहे, आणि ती लक्षात न घेता तास संपवला तर तास वाया.

उपाय म्हणून आधी नवाची तपासणी लावली: प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज 9, 18 किंवा 27 हवी. 8352 चे 18, ठीक. उसना घेऊनही शेजारच्या घरातून एक कमी करायला विसरणं ही नेहमीची चूक यात लगेच सापडते. पण एक चूक निसटत होती. 8410 मधून 0148 वजा करायचे, तर काही मुलं पुढचं शून्य ‘त्याची काय किंमत’ म्हणून टाकून देतात आणि 148 डावीकडून लावतात. मग ते नकळत 1480 होतात आणि उत्तर येतं 6930. अंकांची बेरीज 18. तपासणी पास, गणित नापास.

म्हणून नवाची तपासणी सोडली आणि टोकांची धरली. बरोबर उत्तरात पहिल्या आणि शेवटच्या अंकाची बेरीज नेहमी 10 असते आणि मधल्या दोघांची 8. पाहा: 3087, 8352, 8262, 6354, 6174. उतरत्या क्रमातले मधले दोन अंक सारखे असतील तर मात्र उत्तरात मध्ये 99 येतात आणि टोकांची बेरीज 9 होते, जसं 8991. आठवीच्या वर्गात याचं कारण काढून घेता येतं. उतरते अंक a, b, c, d धरले तर वजाबाकी 999(a−d) + 90(b−c) एवढीच उरते. त्यातून आणखी एक कामाची गोष्ट निघते: a−d हा 1 ते 9, आणि b−c त्याच्याहून मोठा असू शकत नाही, म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर सगळ्या मिळून फक्त 54 उत्तरं शक्य आहेत. ती एका पोस्टकार्डावर नऊ ओळींत मावतात. ते कार्ड हातात घेऊन बाकांमधून फिरायचं. 42 मुलांचा वर्ग असला तरी एका फेरीत कळतं कोण कुठे घसरलं.

टोकांची ही तपासणी 6930 ला लगेच पकडते, कारण 6 आणि 0 मिळून 10 होत नाहीत. मधल्या दोन अंकांची अदलाबदल तिच्यातून सुटते, पण त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पुढच्या ओळीत अंक नव्याने क्रमाने लावायचे असतात, त्यामुळे ती चूक तिथेच विरते.

मग ती मुलं, ज्यांच्यामुळे हा कागद बैठकीत दोन रविवार चालला. प्रत्येक वर्गात दोन-चार जण हात वर करून म्हणतात, “सर, मेरा तो जीरो आ गया.” आणि खरंच शेवटच्या ओळीत 0000 असतं. एकाच्या वहीत 1408 पासून असं होतं:

8410 − 0148 = 8338
8833 − 3388 = 5555
5555 − 5555 = 0000

हा आळस नव्हे. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे न बघता. एककाच्या घरात 0 मधून 8 जात नाहीत, म्हणून 8 मधून 0 घालवले. या चुकीचं वैशिष्ट्य असं की कापरेकरांच्या मांडणीत ती स्वतःचा ठसा सोडते. खालची संख्या वरचीच उलट असल्यामुळे उत्तर दोन्हीकडून सारखं वाचता येतं: 8338. असल्या उत्तरापासून पुढच्या ओळीत चारही अंक सारखे होतात आणि त्यानंतर 0000. सुरुवात कुठलीही असो, फार तर तिसऱ्या ओळीत शून्य ठरलेलं. एरवी ही सवय ओळखायला वीस वजाबाक्या तपासाव्या लागतात. इथे उत्तराचं तोंड पाहून निदान होतं. बरोबर वजाबाकीत असं दोन्हीकडून सारखं उत्तर एकदाच येऊ शकतं, 5445. ते 6611 किंवा 5500 पासून मिळतं. तेवढं एक लक्षात ठेवून बाकी डोळे झाकून पकडावं.

0000 ला पोचण्याची दुसरीही एक वाट आहे आणि ती वेगळी ओळखायला हवी, कारण औषध वेगळं आहे. 21 नोव्हेंबरचं मूल 2111 घेतं. 2111 वजा 1112 बरोबर 0999. इथे ते 999 लिहितं, पुढे 999 वजा 999 करून शून्यावर येतं. त्याची वजाबाकी उत्तम आहे. फक्त हजाराच्या घरातलं शून्य त्याने फेकून दिलं. शून्य ठेवलं तर 9990 वजा 0999 बरोबर 8991, मग 8082, 8532 आणि 6174, एकूण पाच पायऱ्यांत. म्हणून 0000 दिसलं की आधी वरची ओळ पाहायची. चार सारखे अंक असले तर उलटी वजाबाकी, तीन 9 असले तर सांडलेलं शून्य.

उलट्या वजाबाकीवर ‘उधार घ्या’ असं पुन्हा सांगून काही होत नाही. त्यातून शब्दांचाही गोंधळ: शाळेत बेरजेला हासिल, वजाबाकीला उधार, आणि आपल्या मराठी घरांत दोन्हीला हातचा. खेळण्यातल्या नोटांनी काम होतं. 8410 रुपये द्यायचे: हजाराच्या 8, शंभराच्या 4, दहाची 1, आणि सुटा रुपया एकही नाही. आता महाराज बाड्याच्या चौकातल्या दुकानदाराला 148 द्यायचे आहेत, तर आधी 8 सुटे दे. मूल दहाची नोट मोडतं, 8 देतं, 2 उरतात. मग दहाच्या 4 नोटा द्यायच्या, तर एकही शिल्लक नाही, म्हणून शंभराची मोडतं. 4 दिल्या, 6 उरल्या. शंभराच्या उरलेल्या 3 मधून 1 दिली. हातात 8262. मोडणं दोनदा झालं पाहिजे, म्हणून 8410 च घ्यायचे. 8450 सारखी रक्कम घेतली तर दहाच्या नोटा बरोबर पुरतात आणि दुसरं मोडणं होतच नाही. दहाच्या नोटा आधीच भरपूर वाटून ठेवणं ही शिक्षकाची चूक, आम्ही ती केलेली आहे.

चौथी-पाचवीला तीन अंकी खेळ बरा. तिथे 495 येतं. 851 वजा 158 बरोबर 693, मग 594, मग 495. तपासणी आणखी सोपी: मधल्या घरात 9 असायलाच हवा. उलटी वजाबाकी करणाऱ्याच्या मधल्या घरात न चुकता 0 येतो. 851 पासून तो 707 वर पोचतो आणि तिथेच फिरत राहतो, 770 वजा 077, पुन्हा 707. दुसऱ्या ओळीतच कळतं.

सांडलेल्या शून्याचं मात्र नोटांनी भागत नाही. त्यासाठी चिठ्ठीचा खेळ लावला. शून्य या चिन्हाशिवाय संख्या लिहायची, त्याच्या जागी नुसती मोकळी जागा सोडायची. सात मुलांची रांग, प्रत्येकाकडे कोऱ्या कागदाची पट्टी, साधारण 15 सेंटिमीटर लांब. पहिल्याला 3005 ची पट्टी द्यायची, म्हणजे 3, मोठी जागा, 5. दुसऱ्याने पाच सेकंद बघून आपल्या पट्टीवर उतरवायची, आधीची पालथी घालायची, पुढे द्यायची. सातव्यापर्यंत ती 305 तरी होते नाहीतर सरळ 35. दोन मोकळ्या जागा आणि एक मोकळी जागा यांत डोळा फरक करत नाही. 270 ला तर पहिल्याच हातात मरण येतं, कारण शेवटची मोकळी जागा दिसतच नाही. एका बाईंनी हाच खेळ चौकटीच्या वहीच्या पानांवर घेतला आणि सातही चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. रिकामी चौकट हेच शून्याचं काम करते. त्यामुळे कागद कोराच हवा, रेघासुद्धा नकोत.

इथून किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात जाता येतं, आणि ग्वाल्हेरला राहून तिथे मुलांना न नेणं म्हणजे काखेत कळसा. पूर्वेच्या बाजूने पायी चढणाऱ्या रस्त्यावर खडकात कोरलेलं छोटंसं देऊळ आहे. त्यातल्या विक्रम संवत 933 च्या, म्हणजे इसवी सन 876 च्या लेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे, 270 हस्त गुणिले 187 हस्त, आणि देवाला रोज 50 हारांची सोय आहे. 270 आणि 50 मधलं शून्य छोट्याशा वर्तुळासारखं, बाकीच्या अंकांपेक्षा लहान. जाण्यापूर्वी वर्गात अक्षर मोठं करून दाखवावं. नाहीतर प्रत्यक्ष भिंतीपुढे मुलांना काहीच सापडत नाही आणि चढण तेवढी लक्षात राहते. ‘जगातलं पहिलं शून्य’ असं आम्ही सांगत नाही. कंबोडियातल्या शके 605, म्हणजे इसवी सन 683 च्या लेखात शून्य टिंबाच्या रूपात आहे. आपल्या गावच्या शून्याची थोरवी तेवढ्याने कमी होत नाही.

त्या बागेची कृती सातवीसाठी. कागदावर 1 सेंटिमीटर म्हणजे 10 हस्त धरलं तर बाग 27 गुणिले 18.7 सेंटिमीटर होते आणि ए-4 कागदावर जवळजवळ काठोकाठ बसते. मैदानावर प्रत्येक बाजूचा दहावा भाग घेऊन ती आखायची, 27 हस्त गुणिले 18.7 हस्त. हस्त म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत; प्रत्येक गट आपल्यातल्या एकाचा हात घेतो. मुलांचे हात साधारण 36 ते 42 सेंटिमीटर भरतात. कोपर भिंतीला टेकवून मोजायचं, नाहीतर कोणी खळगीपासून मोजतं, कोणी हाडापासून, आणि दोन सेंटिमीटरचा फरक 27 पटीने वाढतो. नायलॉनची दोरी वापरू नये, ती ताणली की लांबते. सुतळी घ्यावी. काटकोनासाठी दोरीवर ओळीने 3, 4 आणि 5 हस्तांच्या अंतरांनी गाठी. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आणि 32.8 हस्तांच्या आसपास हवेत. वेगळे निघाले तर काटकोन घसरला आहे आणि आयत तिरका झाला आहे. मुलं 0.7 हस्ताशी थबकतात. 40 सेंटिमीटरच्या हाताला ते 28 सेंटिमीटर.

मग खरा प्रश्न. 40 सेंटिमीटरच्या हाताची बाग 10.8 गुणिले 7.48 मीटर, म्हणजे सुमारे 80.8 चौरस मीटर. शिक्षकाचा हात 45 सेंटिमीटरचा. हात आठव्या भागाने मोठा, तर बाग किती मोठी? बहुतेक वर्ग आठवा भागच सांगतो, म्हणजे 91 च्या जवळ. आखून, मोजून उत्तर येतं 102.2, चौथ्या हिश्श्यापेक्षाही जास्त वाढ. लांबीही वाढली आणि रुंदीही. हे अंदाज आखणीच्या आधी फळ्यावर लिहून ठेवायचे, नंतर नाही. नंतर विचारलं तर सगळ्यांनाच ते आधीपासून माहीत असतं. या कृतीला दोन तास लागतात. अर्ध्या तासात उरकू पाहिलं तर नुसती दोरीची ओढाओढ होते.

ग्वाल्हेरच्याच हजिरा भागातल्या मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यातल्या जाळ्या पाहून केलेली पुठ्ठ्याच्या षटकोनांची कृती एवढी साधली नाही. तीन पंचकोन एका बिंदूशी जुळवले की 324 अंश होतात आणि 36 अंशांची फट राहते, ती लांबूनही दिसते; तेवढा भाग चांगला. पण षटकोन कापताना प्रत्येकी दोन अंश चुकले तरी तीन मिळून सहा अंशांची फट होते आणि मूल ठामपणे सांगतं की षटकोनही बसत नाही. कर्कटकाचा स्क्रू सैल असला की सहावं पाऊल पहिल्या खुणेवर येत नाही, तिथून हे सुरू होतं. आता षटकोन आम्हीच जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापून नेतो. अपूर्णांकांसाठी गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई, वापरायचं डोकं कुणीतरी चालवलं होतं. गजकाचे पापुद्रे सुटतात, अर्ध्याचा चुरा होतो आणि उत्तर खाल्लं जातं.

पुढच्या रविवारच्या कागदावर कापरेकरांचा दोन अंकी खेळ आहे. तो कुठेच थांबत नाही: 09, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 09. पाच संख्यांची माळ. इथे शेवटचं उत्तर येणार नाही हे आधी सांगायचं नाही, पण दहा मिनिटांनी हात थांबवून सगळ्यांच्या ओळी फळ्यावर गोलात मांडायच्या, नाहीतर वर्ग कंटाळतो. आणि 54 वजा 45 केल्यावर ज्यांनी 09 ऐवजी नुसते 9 लिहिले, त्यांच्या वहीत पुढची ओळ 9 वजा 9 अशी असेल. त्यांना वेगळं बसवायचं.